संघप्रियाचा पहिला प्रोग्रॅम

दर काही वर्षांनी ग्रंथालयातली जुनी, कोणी न वाचलेली पुस्तकं यादीतून काढून टाकावी लागतात. २०२३ च्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात हे काम निघालं. मी ग्रंथपाल, त्यामुळे याद्या मी करत होते. रॅकवरून पुस्तकं उतरवायची, झटकायची आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायची हे काम आमची परिचर संघप्रिया सरवदे करत होती. बारा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. चव्वेचाळीस वर्षांची, बारावी झालेली, कामाला चोख, पण गेली दोन-अडीच वर्षं कामापुरतंच बोलणारी.

तिसऱ्या दिवशी ती रॅकमागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी हाक मारली तेव्हा एक पुस्तक उघडं धरूनच बाहेर आली.

"मॅडम, हे टाकायचंय का?"

कॉम्प्युटरच्या एका भाषेवरचं, नवशिक्यांसाठी लिहिलेलं मराठी पुस्तक होतं. भाषेचं नाव प्रोसेसिंग. पडद्यावर चित्रं, रंग, आवाज आणायचे आणि बघणाऱ्याने हात लावला की त्याला उत्तर द्यायचं, यासाठी ही भाषा वापरतात असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. मागच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. आठ वर्षांत ते कोणी घरी नेलं नव्हतं.

"टाकायचंय. का गं?"

तिने जिथे बोट ठेवलं होतं ती ओळ मला दाखवली. 'या प्रकरणाच्या शेवटी तुम्ही चित्रावर क्लिक कराल आणि आवाज येईल.'

"मी नेऊ का?"

मुलीसाठी नेत असेल असं मला वाटलं. मी यादीत 'बाद' असा शेरा मारला आणि पुस्तक तिला दिलं. त्या ओळीत तिने काय वाचलं होतं ते मला पुढे कळलं.

तिचे यजमान धर्मपाल सरवदे एसटीत कंडक्टर होते. सोलापूर-पुणे गाडीवर चोवीस वर्षं काढलेला, बडबड्या माणूस. २०२१ च्या फेब्रुवारीत एका सकाळी सोलापुरात, बुधवार पेठेतल्या घरी ते मोरीत पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, मोहोळ. सोलापूर सोडलं की गाडी पहिल्यांदा थांबायची ते गाव. दारात उभं राहून त्यांनी ती हाक हजारो वेळा दिली असेल. आता तहान लागली तरी मोहोळ, कूस बदलायची असली तरी मोहोळ, रडतानाही मोहोळ. पहिल्या महिन्यात नातेवाईक तोंडावर पदर, रुमाल धरून हसायचे. नंतर हसणंही थांबलं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "समज किती राहिली आहे ते आत्ता सांगता येत नाही. महिन्याने दाखवायला आणा." महिन्याने कोरोनाची दुसरी लाट आली, दवाखाने भरले, आणि परत विचारायला कोणी गेलंच नाही. 'सांगता येत नाही'चं 'कळत नाही' कधी झालं हे त्या घरात कोणालाच आठवत नाही. खुणाही तशाच मिळत गेल्या. "चहा पाहिजे का?" म्हटलं की ते मान हलवायचे आणि "नको का?" म्हटलं तरी तशीच हलवायचे. बोलणाऱ्याकडे बघायचे नाहीत. त्यांची आई केसरबाई कोणी भेटायला आलं की सांगायची, "डोळं उघडं हाईत, पर आत कोन न्हाय."

मुलगी सृष्टी नर्सिंग करून पुण्याला नोकरीला लागली होती. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला तिचा लॅपटॉप घरी पडून होता. प्रोसेसिंग त्याच्यावर कसं घ्यायचं ते तिने फोनवरून सांगितलं. संघप्रिया कापडी पिशवीतून लॅपटॉप कॉलेजात आणू लागली आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मागच्या टेबलावर बसू लागली.

पहिला प्रोग्रॅम एका वर्तुळाचा होता. पडद्यावरचं शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतं, तिथून उजवीकडे आणि खाली मोजत जायचं, असं पुस्तकात होतं. "वहीसारखंच की," ती म्हणाली. पण वही चुका सांभाळून घेते, हा प्रोग्रॅम घेत नव्हता. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की सगळं अडायचं. तो अडतोय हे निदान खाली लाल अक्षरांत दिसायचं. सगळ्यात जास्त छळलं ते लाल अक्षरंही न येणाऱ्या चुकीने. माऊस दाबला की वर्तुळाचा रंग बदलायला हवा होता. पुस्तकातली ओळ न ओळ तिने उतरवली होती, तरी रंग बदलत नव्हता. चार दिवस ती तेच पान काढून बसली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसल्याने मी नुसती बघत होते. पाचव्या दिवशी तिला दिसलं की 'माऊसप्रेस्ड' या शब्दातला 'पी' पुस्तकात मोठा होता आणि तिने लहान काढला होता.

"आपल्याकडे अक्षर मोठं-लहान नसतंच ना मॅडम," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याला ते दिसलंच नाही."

तिने पी बदलला, माऊस दाबला आणि वर्तुळ तांबडं झालं. मी तिला अडीच वर्षांनी हसताना बघितलं.

ऑगस्टमध्ये ती माऊसमागे फिरणाऱ्या वर्तुळापर्यंत पोचली. लॅपटॉपचं बोटाने फिरवायचं जमत नव्हतं म्हणून नवी पेठेतून एक माऊस घेतला. घरी ती धर्मपालच्या कॉटवरच सराव करायची. त्यांना जेवण भरवायला कॉटवर आडवं ठेवायचं एक छोटं टेबल होतं. त्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि कडेला बसायचं. एका रविवारी दूध उतू जातंय म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. परत आली तर पडद्यावरचं वर्तुळ फिरत होतं. धर्मपालचा डावा हात माऊसवर होता. ते पडद्याकडे बघत होते आणि हात हळूहळू पुढे-मागे करत होते.

ती दारातच थांबली. नंतर तिने सासूला बोलावून दाखवलं.

"हात आपसूक हलतो त्येचा," केसरबाई म्हणाली. "झोपेत बी हलतो की."

संघप्रियालाही तसंच वाटलं, निदान स्वतःला तिने तसं समजावलं. पण रोज अर्धा तास ती त्यांच्यापुढे ते वर्तुळ ठेवू लागली.

चित्रावर क्लिक केलं की आवाज येणारं प्रकरण पुरं व्हायला सप्टेंबर उजाडला. तिने घरातल्याच वस्तूंचे सहा फोटो काढले. भाकरी, पंखा, पांघरूण, चहाचा कप, पाण्याचा तांब्या आणि संडासची खुर्ची. पडद्यावर तीन-तीनच्या दोन रांगा लावल्या. आवाज तिने स्वतःचाच भरला. 'मला पाणी पाहिजे.' 'पंखा लावा.' पुरुषाचा आवाज भरायला घरात दुसरं कोणी नव्हतंच.

पहिले पंधरा दिवस वाया गेले. "पाणी दाखवा," म्हटलं की ते भाकरीवर दाबायचे. "चहा दाखवा," म्हटलं की पंख्यावर. कधी काहीच नाही. केसरबाई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "कशाला त्येचा जीव खातीस? सोड की आता." एका दुपारी ग्रंथालयात संघप्रियाने पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, बास झालं. नसतं खूळ घेतलं मी डोक्यात."

मी तिला काही समजावलं असतं तर आज तसं लिहिताना बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, "बरं." मलाही तेच वाटत होतं.

पुस्तक मात्र तिने संध्याकाळी परत पिशवीत टाकलं. एक प्रकरण अर्धं राहिलं होतं म्हणून. त्यात माऊस डाव्या कडेपासून किती अंतरावर दाबला तो आकडा खालच्या पट्टीत छापून घ्यायची युक्ती होती. ती तिने सहा चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये घातली, धर्मपालपुढे लॅपटॉप ठेवला आणि भाकऱ्या करायला गेली. भाकऱ्या झाल्यावर येऊन बघते तर खाली आकड्यांची उतरंड लागली होती. ११२, ९६, २०४, १३१, २६०, ८८. पडदा नऊशे रुंद होता. तिने वरपासून खालपर्यंत सगळे आकडे वाचले. तीनशेच्या पुढचा एकही नव्हता.

आपण काय बघतोय ते तिला लगेच उमगलं नाही. मग तिने पाण्याचा तांब्या उजवीकडून उचलून अगदी डावीकडे आणून ठेवला. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलायचा, एवढंच काम.

"पाणी दाखवा."

त्यांनी तांब्यावर दाबलं. 'मला पाणी पाहिजे,' लॅपटॉप बोलला.

तिने तांब्या परत उजवीकडे नेला. ते भाकरीवर गेले. डावीकडे आणला. तांब्यावर आले. चहा डावीकडे आणून बघितला, पंखा नेऊन बघितला. बारा वेळा विचारलं, अकरा वेळा बरोबर आलं.

तिने लॅपटॉप बाजूला केला, त्यांच्या उजव्या कानाजवळ स्वतःचा तळवा धरला आणि हळूहळू पुढे आणला. तळवा नाकासमोर येईपर्यंत त्यांची नजर हलली नाही. तिथे आल्यावर एकदम तळव्यावर आली.

कॉट डावीकडून भिंतीला लावलेली होती. डावीकडे भिंत, उजवीकडे खोली. अडीच वर्षं त्या घरातला प्रत्येक माणूस त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलत होता, आणि उजव्या बाजूचं त्यांना काही दिसतच नव्हतं. ते कोणाकडे बघत नव्हते असं नाही. ज्याच्याकडे बघायचं तो माणूस त्यांच्या अंधारात बसत होता.

शेजारच्या दोघांना बोलावून तिने त्याच वेळी कॉट उलटी फिरवून घेतली आणि डाव्या बाजूला जाऊन बसली. धर्मपालनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बघतच राहिले. केसरबाई मागे उभी होती. ती खाली बसली.

हे सगळं संघप्रियाने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी मुलांच्या ओळखपत्रांवर सह्या करत होते. खरा धक्का मात्र अजून यायचा होता.

चार दिवसांनी तिने नवं पान केलं. त्यात दोनच चित्रं होती, दोन्ही डावीकडे, एकाखाली एक. वर हिरवं वर्तुळ, दाबलं की 'हो'. खाली तांबडं, दाबलं की 'नाही'. आवाज तिचाच. आधी तिने ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत तेच प्रश्न विचारले.

"तुमचं नाव धर्मपाल?"

हो.

"तुम्ही शाळेत मास्तर होता?"

नाही.

"आपण पुण्याला राहतो?"

नाही.

मान हलवताना जे नेहमी चुकायचं ते इथे चुकत नव्हतं. मग तिने मोहोळचं विचारलं. पहिल्या वर्षी केसरबाईच्या हट्टावरून गाडी करून त्यांना मोहोळला नेऊन आणलं होतं. तिथे स्टँडवर ते रडरड रडले होते.

"तुम्ही मोहोळ मोहोळ म्हणता. तिथे जायचं असतं का?"

नाही.

"दुसरं काही म्हणायचं असतं?"

हो.

"तोंडातून तेवढंच येतं?"

हो. हे त्यांनी तीनदा दाबलं.

संघप्रिया आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "मी बोलते ते कळतं तुम्हाला?"

हो.

"आत्ता आत्ता कळायला लागलं?"

नाही.

"आधीपासून? दवाखान्यातून आलात तेव्हापासून?"

हो.

तिला जे आठवलं ते मागच्या मे महिन्यातलं होतं. वीज गेलेली, पत्रा तापलेला, सकाळपासून दोनदा चादरी धुऊन झालेल्या. मोठ्या बहिणीचा, वैजयंतीचा, फोन आला. संघप्रिया कॉटच्या कडेला, त्यांच्या पायाशी बसून बोलत होती. बोलता बोलता म्हणाली होती, "आता सुटायला पाहिजेत गं हे. ते पण सुटतील आणि मी पण."

"मागच्या उन्हाळ्यात," ती आता म्हणाली, "मी ताईशी फोनवर बोलले होते. तुमच्या सुटण्याचं. ते ऐकलं होतं तुम्ही?"

माऊसचा बाण बराच वेळ जागचा हलला नाही. ऐकलं नसेल, आठवत नसेल, अशी तिला आशा वाटली. मग बाण वर सरकला आणि हिरव्या वर्तुळावर थांबला.

"हो," लॅपटॉप म्हणाला. तिच्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का उलटा मारत सुटली. वीस-पंचवीस पुस्तकं तशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तिला आतल्या खोलीत नेलं. ती रडत नव्हती. सांगताना तिचा आवाज एकसारखा, कोणाचं तरी पत्र वाचून दाखवावं तसा येत होता.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना आंघोळ घातली होती मॅडम. दाढी केली होती. ते माझ्या हाताखाली गप बसले होते. हे ऐकून बसले होते."

मी तिला पाणी दिलं. मला माझंच आठवत होतं. २०२२ च्या दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळ घेऊन गेले होते. त्यांच्या कॉटशेजारच्या खुर्चीवर बसून, चहा पीत, मी संघप्रियाला म्हणाले होते, "किती दिवस काढणार गं असे? एखाद्या संस्थेत ठेवून टाक. त्यांना तरी कुठं कळतंय घर काय आणि संस्था काय." मी हे अगदी मायेने म्हटलं होतं.

दोन दिवस संघप्रिया त्यांच्याजवळ लागेल तेवढंच गेली. तिसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळात तिने लॅपटॉप उघडला आणि मला विचारलं, "मॅडम, रागाचं चित्र कुठलं घ्यावं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यांच्याकडे पाणी आहे, चहा आहे, पंखा आहे," ती म्हणाली. "माझ्यावर रागवायचं असलं तर काय दाबणार?"

शेवटी तिने स्वतःचाच, भुवया आवळलेला फोटो घेतला. वाक्यं पुस्तकांच्या गोदामात बसून भरली, कारण बाहेर पोरांचा गलका होता. 'मला राग आलाय.' 'तू चुकलीस.' 'मला एकटं सोड.' पंख्याची घरघर आली म्हणून दुसऱ्यांदा भरावी लागली. मी दाराशी उभी होते. स्वतःला 'तू चुकलीस' म्हणणाऱ्या बाईचा आवाज ऐकताना मला तिथे थांबवेना, आणि निघूनही जाता येईना.

पहिल्या दिवशी धर्मपालनी राग एकवीस वेळा दाबला. तिने मोजलं. दर वेळी ती समोर बसून "हो" म्हणत होती. पुढचे तीन आठवडे तिने काही विचारलं की आधी 'एकटं सोड' यायचं. केसरबाई वैतागली. "बोलाय लागला तर बायकूलाच शिव्या द्यायला लागला," म्हणाली. संघप्रियाने ते चित्र काढून टाकलं नाही. महिन्याभराने तिने परत विचारलं, "अजून राग आहे?"

त्यांनी 'हो' दाबलं आणि लागलीच चहाचा कप दाबला.

जानेवारीत सृष्टी चार दिवसांच्या रजेवर आली. तिने चौकशी करून जगदेवी बिराजदार या वाचा-उपचार करणाऱ्या बाई शोधल्या. रिक्षातून धर्मपालना तिकडे नेलं. बिराजदार बाईंनी तासभर तपासलं. समज बरीचशी शाबूत आहे, वाचणं मात्र गेलं आहे, रोज सराव केला तर चार-सहा शब्द परत येतीलही, असं सांगितलं. मग त्यांनी लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम सगळा बघितला आणि संघप्रियाला विचारलं, "कोणी करून दिला?"

"मीच केला. पुस्तक बघून."

बाईंनी आणखी दोन चित्रं दाबून बघितली. "फार छान केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा काढला. त्यावर कागदी चित्रं चिकटवलेली होती. तांब्या, ताट, पंखा, हसरं तोंड, रडकं तोंड. "आम्ही सुरुवात याने करतो. वीज गेली तर जवळ असू द्या."

संघप्रियाने पुठ्ठा हातात घेतला. उलटा करून मागचा भाग बघितला. मागे काहीच नव्हतं, कोरा पुठ्ठा.

"म्हणजे हे पहिल्या महिन्यात सुद्धा झालं असतं?" तिने विचारलं.

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "झालं असतं," म्हणाल्या. "पण तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

परतताना रिक्षात ती पुठ्ठा मांडीवर धरून बसली होती, असं सृष्टीने मला नंतर सांगितलं.

बिराजदार बाईंनी एक काम दिलं होतं. आता वस्तू पुरे, माणसं घाला. सृष्टीने जुन्या फोनमधले फोटो काढून दिले आणि संघप्रियाने घरातल्या सगळ्यांचं एक पान केलं. केसरबाई, सृष्टी, स्वतः, वैजयंती. धाकटा दीर नवनाथ याचा फोटो घालावा की नाही यावर मायलेकी अडल्या. नवनाथ २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेला होता. धर्मपाल दवाखान्यातून येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्यांना कळणार नाही म्हणून त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण बातमी आली ती त्याच खोलीत. फोन केसरबाईने घेतला तो त्याच खोलीत. रडारड झाली ती त्यांच्या कॉटच्या भोवती.

सृष्टी म्हणाली, "घाल आई. नाही घातला तर ते शोधतील."

पान उघडल्यावर धर्मपालनी बाकी कोणाकडे बघितलं नाही. सरळ नवनाथवर गेले. 'नवनाथ,' लॅपटॉप म्हणाला. त्यांनी परत दाबलं. मग परत. बाण तिथून हलवायलाच तयार नव्हते.

केसरबाई दारात होती. ती भिंतीला धरत आत आली आणि पहिल्यांदा त्यांच्या डाव्या बाजूला, जिथे त्यांना दिसेल तिथे, कॉटवर बसली. तिने त्यांचा माऊसवरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"धर्मा," ती म्हणाली, "आपला नवनाथ गेला रं. तुला सांगितलं न्हाय आमी. तुला कळत न्हाय वाटलं."

धर्मपाल हुंदका देऊन रडले. "मोहोळ," म्हणाले, "मोहोळ, मोहोळ." म्हातारीने त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताप कधी आला, खाट कुठे मिळाली, शेवटी कोण होतं, माती कशी झाली. पावणेतीन वर्षांपूर्वी सख्ख्या भावाला जे सांगायला हवं होतं ते तिने त्या दुपारी सांगितलं. संघप्रिया आणि सृष्टी बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

आता त्या प्रोग्रॅममध्ये साठ-सत्तर चित्रं आहेत. उजवी बाजू अजून रिकामी ठेवलेली असते. बिराजदार बाईंनी आणखी दोन घरांसाठी असा प्रोग्रॅम मागितला, तो संघप्रियाने करून दिला. त्या घरच्यांचे आवाज त्यांच्याच घरी जाऊन भरले. गेल्यावर ती प्रत्येक ठिकाणी आधी कॉट कुठल्या भिंतीला आहे ते बघते. धर्मपालना आता 'चहा', 'आई' आणि 'नको' असे तीन शब्द तोंडाने येतात. मोहोळही येतं.

मी गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यांच्याकडे जायचं मी दीड वर्ष टाळत होते. एप्रिलमध्ये एका सकाळी गेले. खुर्ची उचलून डाव्या बाजूला घेतली आणि त्यांच्याकडे बघत, त्या दिवाळीत मी काय बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. माझं चुकलं, असं म्हटलं. धर्मपालनी ऐकून घेतलं. मग माऊस सरकवून रागाचं चित्र दाबलं. संघप्रियाच्या आवाजात 'मला राग आलाय' ऐकू आलं आणि त्यांच्या तोंडाची डावी कड वर गेली. हसले की काय, मला समजेना.

मी संघप्रियाकडे बघितलं. ती चहा गाळत होती.

"मला पण कधीकधी कळत नाही मॅडम," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा. एका वेळी एकच विचारा."

मी विचारलं, "थट्टा केलीत का माझी?"

त्यांनी थोडा विचार केला आणि 'नाही' दाबलं. मग डाव्या हाताने कप उचलून चहा प्यायला लागले. मी माझा कप हातात धरून तिथेच बसून राहिले.